‘ओळखा पाहू’ची हळहळ

सांप्रत आमच्या मासिकांतून व दिवाळी अंकांतून एका विशिष्ट जातीच्या लेखाची साथ आलेली दिसते. लेखक साठीच्या घरात पोचलेला असतो. लहानपणी त्याच्या घरी, निदान शेजाऱ्याच्या घरी, दूरदर्शनचा कृष्णधवल संच होता. आणि त्या संचावर चार सभ्य माणसे टेबलामागे बसून शब्द ओळखीत, कोडी सोडवीत, मर्यादा राखून एकमेकांची थट्टा करीत, ही त्याची अत्यंत आवडती आठवण असते. लेखाच्या पूर्वार्धात हे सुखचित्र आणि उत्तरार्धात आजच्या वाहिन्यांवरील आरडाओरडीचा निषेध, ही त्याची ठरीव बांधणी. हल्ली त्यास एक नवे प्रकरण जोडले गेले आहे. अमेरिकेतील व विलायतेतील जुने ‘ओळखण्याचे’ कार्यक्रम आता हातातल्या फोनवर केव्हाही पाहता येतात. ते पाहून हे लेखक अशा काळासाठीही कढ काढू लागले आहेत की जो त्यांनी पाहिला नाही, आणि अशा देशासाठी की जेथे ते वाढले नाहीत.

हळहळ ही स्वस्त वस्तू आहे. ती ज्याने त्याने खुशाल करावी. परंतु ‘तेव्हा माणसे सुसंस्कृत होती, आता राहिली नाहीत’ असा सिद्धान्त जेव्हा तिच्यातून काढला जातो, तेव्हा तिची वाट अडवून काही विचारणे प्राप्त होते. आम्ही हे हिंगोली जिल्ह्यात बसून लिहीत आहोत, आणि येथून ते सुखचित्र जरा निराळे दिसते.

प्रथम त्या खेळाचे रूप नीट पाहू. कारण हळहळणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते नीट पाहिलेले नाही, असा आमचा समज झाला आहे. या जातीच्या कार्यक्रमांचा मुकुटमणी म्हणून ज्याचे नाव घेतात तो ‘व्हॉट्स माय लाइन?’, म्हणजे ‘माझा धंदा कोणता?’, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर २ फेब्रुवारी १९५० रोजी सुरू झाला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी संपला. रचना अगदी साधी. चार परीक्षक एका रांगेत बसलेले. एक अनोळखी मनुष्य येतो, फळ्यावर खडूने आपले नाव लिहितो आणि सूत्रधार जॉन डेली यांच्या शेजारी बसतो. त्याचा धंदा काय, हे प्रेक्षकांना पडद्यावर अक्षरे उमटवून सांगितले जाते. परीक्षकांना ते ठाऊक नसते. त्यांनी असेच प्रश्न विचारायचे की ज्यांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असेल. ‘होय’ मिळाले तर त्याच परीक्षकाने पुढे विचारीत जावे. ‘नाही’ मिळाले की पाळी पुढच्याकडे गेली, आणि सूत्रधाराने एक पुठ्ठा उलटून पाहुण्याच्या नावे पाच डॉलर मांडले. दहा ‘नाही’ झाले की पाहुणा जिंकला आणि पन्नास डॉलर घेऊन घरी गेला. साडेसतरा वर्षे हा खेळ चालला, त्यात कोणी कोट्यधीश झाल्याचे ऐकिवात नाही.

परीक्षकांत बेनेट सर्फ हे नामांकित प्रकाशक, डोरोथी किलगॅलन या वृत्तपत्रलेखिका, आर्लीन फ्रान्सिस या अभिनेत्री अशी मंडळी असत. पुरुष रात्रीच्या मेजवानीचा काळा पोशाख करून येत, स्त्रिया उंची झग्यांत. आमच्या लेखकांच्या डोळ्यांत भरतो तो हा पोशाख, ते मंद हसणे, ती घोटीव इंग्रजी. ‘काय ती अदब!’ असे उद्गार आम्ही अनेक ठिकाणी वाचले. परंतु ही सर्व वेष्टनाची शोभा झाली. आत काय होते याकडे कोणी पाहावे की नाही? आत असे होते की, ज्यांना गावात मान आहे, ज्यांची नावे छापून येतात, अशी चार माणसे एका अप्रसिद्ध माणसाच्या कामासंबंधी आपले अज्ञान घेऊन बसत. आणि ते अज्ञान साऱ्या देशादेखत उघडे होई. पहिल्याच रात्रीच्या पाहुण्यांत न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबात येणाऱ्यांच्या टोप्या सांभाळणारी एक तरुणी होती. क्लबात तिच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नसते. येथे ती खुर्चीत बसली आणि पंडितांनी तिला विचारीत राहावे, असा नियम होता. या उलटापालटीत त्या खेळाचे सारे सत्त्व होते.

एवढ्यावरून आम्ही त्या कार्यक्रमाला देव्हाऱ्यात बसवीत आहोत असे मात्र कोणी समजू नये. प्रेक्षकांना उत्तर ठाऊक आणि परीक्षकांना नाही, या भेदातून निघणाऱ्या द्व्यर्थी हशावर त्याची पुष्कळशी भिस्त होती; पाहुण्याचा धंदा जितका विचित्र तितका बरा, हीही एक हलकी हाव त्यात होती. शिवाय प्रत्येक खेळात एकदा परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून कोणी तरी प्रसिद्ध व्यक्ती आणली जाई. १९५७ साली साल्वादोर दाली हा चित्रकार आला, तेव्हा तो जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणत गेला आणि बिचाऱ्या सूत्रधारास मधे पडून खुलासे करावे लागले. प्रसंग मौजेचा आहे, नाही म्हणत नाही. पण आजचे हळहळणारे नेमके हेच तुकडे पुनःपुन्हा पाहतात आणि एकमेकांस पाठवितात. टोप्या सांभाळणारीकडे कोणी वळत नाही. म्हणजे ज्या कार्यक्रमात सामान्य माणूस हेच कोडे होते, त्यातून सामान्य माणूस वगळून उरलेल्या भागावर हे प्रेम बसलेले आहे.

जाता जाता एक गोष्ट. स्टीव्ह अ‍ॅलन नावाच्या परीक्षकाने एका पाहुण्यास, ‘तुमची वस्तू पाव ठेवण्याच्या डब्यापेक्षा मोठी आहे काय?’ असे विचारले आणि तो प्रश्न अमेरिकेत घरोघरी बोलला जाऊ लागला. आमच्याकडे हाच प्रश्न ‘पायलीपेक्षा मोठी की लहान?’ असा निघाला असता. अनुमान करणारा माणूस मापे आपल्या घरातून उचलतो. हे मामुली दिसते, परंतु पुढे त्याचे काम पडणार आहे.

विलायतेत याच खेळाचे दुसरे रूप निघाले. तेथे माणसाऐवजी वस्तू ठेवीत. ‘अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’ या बीबीसीच्या कार्यक्रमात एखाद्या संग्रहालयातील अनोळखी वस्तू विद्वानांच्या हाती दिली जाई आणि ती कोठली, कधीची, कशासाठी वापरली जाई, हे त्यांनी तर्काने सांगावयाचे. या कार्यक्रमाने घरोघर लोकप्रिय झालेले सर मॉर्टिमर व्हीलर हे आम्हांस परके नाहीत. १९४४ ते १९४८ या काळात ते हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. अरिकामेडू, हडप्पा, ब्रह्मगिरी येथील त्यांची उत्खनने आमच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासलेली आहेत. मातीचे थर मोजणारा हा करारी मनुष्य १९५४ साली विलायतेतील दूरचित्रवाणीवरचे वर्षातील श्रेष्ठ व्यक्तिमत्त्व म्हणून निवडला गेला. खापराच्या तुकड्यावरून गाव ओळखण्याची विद्या त्याने परसदारच्या प्रेक्षकापर्यंत नेली. हळहळावयाचेच असेल तर याकरिता हळहळण्यास जागा आहे. पण आमच्या लेखांतून व्हीलरसाहेबांचे नाव आमच्या तरी पाहण्यात आले नाही.

आता आमच्याकडे काय आले ते पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दिवशी मराठवाड्यात काय चालले होते? ते साल दुष्काळाचे. आमच्या भागातील बायाबापड्या खडी फोडावयास आणि बंधाऱ्यांच्या मातीस लागल्या होत्या आणि सुकडीवर दिवस काढीत होत्या. मुंबईचे प्रक्षेपण आरंभी मुंबईच्या आसपासच दिसत असे. नंतर ते पुण्यापर्यंत गेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. निराळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हा ‘त्या काळी आपण सर्वजण एकत्र बसून पाहात होतो’ या वाक्यातील ‘आपण सर्वजण’ कोण, याची चौकशी लेखकांनी करावी. ते सर्वजण मुंबईतील, फार तर पुण्यातील काही घरे होत. आठवण खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. ती लहान आहे, एवढेच. आणि तिला सबंध महाराष्ट्राच्या बालपणाचा अंगरखा चढविला जातो, याला आमची हरकत आहे.

बरे, त्या पडद्यावर होते तरी काय? सबीरा मर्चंट यांचा ‘व्हॉट्स द गुड वर्ड?’ हा शब्द ओळखण्याचा खेळ पुष्कळांच्या स्मरणात आहे. खेळ निर्मळ होता, बाई बोलत सुरेख. यात आम्हांस काही उणे काढावयाचे नाही. पण ओळखावयाचा शब्द इंग्रजी आणि ओळखणारे इंग्रजी शाळांतले. पुढे १९८५ साली सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला. तोपर्यंत उपग्रहाच्या साह्याने दूरदर्शन देशभर पसरू लागले होते आणि आमच्याकडील काही घरांवरही काड्यांचे मनोरे उभे राहिले. तोही कार्यक्रम इंग्रजीत, आणि प्रश्न जगाच्या पाठीवरले. ज्या प्रदेशात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, जेथे कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच, त्या प्रदेशातील मराठी मुलाला दुसऱ्याच्या भाषेत विचारले जाण्याची सवय होती. उर्दू गेली, इंग्रजी आली. प्रश्न विचारणारा मात्र नेहमी दुसऱ्या बाजूला बसलेला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हळहळीच्या लेखांतून त्याची सर्रास गल्लत होते. ‘ओळखा पाहू’ आणि प्रश्नमंजूषा या दोन भिन्न वस्तू आहेत. प्रश्नमंजूषेत उत्तर आधीच कोठे तरी लिहून ठेवलेले असते आणि ते ज्यास पाठ आहे तो जिंकतो. ज्यास पाठ नाही त्याने कितीही विचार केला तरी कांगोची राजधानी त्याच्या विचारातून निघणार नाही. ओळखण्याच्या खेळात पाठांतराचा उपयोग नसतो. तेथे एका ‘नाही’ने अर्धे जग वगळावयाचे, दुसऱ्या ‘होय’ने उरलेल्याची कड धरावयाची, आणि दिसत नाही त्याकडे दिसते त्यावरून जावयाचे. आमचे नैयायिक ज्यास अनुमान म्हणत आले, धूर पाहून डोंगरावरला विस्तव जाणणे, तेच हे. पाश्चात्त्यांकडून आम्ही दोन्ही पाहिले आणि आणला तो पाठांतराचा प्रकार, ही आमची निवड मोठी बोलकी आहे.

आणि त्यावर पैसा चढला. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण पहिला एक कोटीचा विजेता ठरला. पुढे त्या खेळाच्या मराठी आवृत्त्याही निघाल्या. चार पर्याय समोर ठेवून त्यांतला एक उचलावयाचा, नच सुचला तर मित्रास दूरध्वनी करावयाचा. पैसा आला की खेळाचे काय होते याचा अनुभव जगाने आधीच घेतला होता. अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ या मोठ्या बक्षिसाच्या कार्यक्रमात स्पर्धकांस उत्तरे अगोदर पढविली जात, हे चार्ल्स व्हॅन डोरेन या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापकाने १९५९ साली तेथील संसदेच्या समितीपुढे कबूल केले. आमच्याकडेही शब्दकोड्यांच्या स्पर्धांचा असाच बाजार माजला होता. शेवटी १९५५ साली केंद्र सरकारने कायदा करून महिन्याचे बक्षीस एक हजार रुपये आणि प्रवेशिका दोन हजार, अशा मर्यादा घातल्या. तो कायदा न्यायालयात गेला. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने, द्यूत हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, आणि बुद्धिकौशल्याची स्पर्धा ही निराळी, असे सांगितले. तेव्हा बुद्धीचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांतील रेघ आमच्या कायद्यास पूर्वीपासून माहीत होती; रसिकांस ती दिसू नये हे नवल.

वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी २०१९ साली त्याच कार्यक्रमात एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवीत आणि त्यांस महिन्याला दीड हजार रुपये मिळत. त्यांच्या बुद्धीचा गौरव झाला हे उत्तम झाले. पण त्यांचे काम त्या खेळात कोठे होते, ते पाहावे. शेकडो मुलांच्या भांड्यास तांदूळ किती, डाळ किती, पाणी केव्हा. कोणत्या दिवशी किती मुले येणार हे हजेरीपूर्वी कसे ताडावे, हे एक शास्त्र आहे. खेळात ते हळव्या प्रस्तावनेपुरते आले. परीक्षा झाली ती निराळ्याच गोष्टींची. पन्नास डॉलरांच्या त्या जुन्या खेळात याच बाई स्वतः कोडे झाल्या असत्या आणि चार विद्वानांनी त्यांच्याकडून ‘नाही’ ऐकून घेतले असते. एक कोटी आणि पन्नास डॉलर यांत अंतर मोठे आहे, हे आम्हांसही कळते. आम्ही मानाविषयी बोलत आहोत.

हा वाद निव्वळ करमणुकीचा असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. चार पर्यायांची ही रीत पडद्यावरून आमच्या मुलांच्या डोक्यात उतरली की डोक्यातून पडद्यावर गेली, कोण जाणे. पण आज तालुक्याच्या गावी जा, पहाटेपासून अभ्यासिका भरलेल्या दिसतील. वीस-पंचवीस वर्षांची मुले-मुली लाकडी खणांत मान घालून पर्यायांपुढील वर्तुळे काळी करण्याचा सराव करतात, आणि असे चार-चार, सहा-सहा वर्षे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे आयोगाने ठरविले, तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले आणि तो बदल २०२५ पर्यंत लांबणीवर टाकावा लागला. त्या मुलांस आम्ही दोष देत नाही. ज्यांना जन्मभर फक्त उत्तर निवडावयास लावले त्यांना एकाएकी स्वतःच्या शब्दांत बोला म्हणणे, ही त्यांची फसवणूक वाटली तर नवल नाही. पण शेतकऱ्याचा मुलगा, जो ढगाच्या रंगावरून, वाऱ्याच्या दिशेवरून आणि मुंग्यांच्या रांगेवरून पावसाचे अनुमान करणाऱ्या बापाच्या हाताखाली वाढला, तो अनुमानाची ही विद्या अडाणीपणाची खूण म्हणून दाराबाहेर ठेवून अभ्यासिकेत शिरतो, याची हळहळ कोणी करीत नाही.

येथे दुसऱ्या बाजूचे पंडित उठतील आणि म्हणतील, ‘हे सगळे आमच्या परंपरेत होतेच!’ त्यांचेही ऐकू. होते, यात संशय नाही. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या शाहिरांनी रात्र रात्र एकमेकांस भेदिक सवाल घातले. उत्तर न आले तर डफ खाली ठेवावा लागे. बायकांनी जात्यावर आणि निंदणीच्या ओळीत कोडी घातली. बहुरूपी दाराशी फौजदाराचा वेश करून येई आणि घरधन्यास दरडावी. तो खरा की सोंग, हे ओळखीपर्यंत घरात धांदल. पाहुण्यास दडवून परीक्षकांच्या डोळ्यांस पट्ट्या बांधण्याचा खटाटोप न करता केलेला हा खेळ होता.

आणि या जिल्ह्यास तर एक विशेष कथा लाभली आहे. परंपरा नामदेवांचे मूळ गाव नर्सी मानते. ते हिंगोली तालुक्यात आहे. तेरढोकीस गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय, म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के हे पाहण्याचे साधन, असे गोरोबांनी सांगितले. मग ही मडकीही पाहा म्हणताच त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे स्वस्थ राहिले; नामदेव तेवढे रागावले, आणि तेच कच्चे ठरले. पुढे ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, तेही ठिकाण याच जिल्ह्यात. कथा गुरुमाहात्म्याची म्हणून सांगतात. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. परीक्षा कुंभाराची आहे. एका कारागिराच्या हाताची विद्या तेथे प्रमाण मानली गेली आणि ज्ञानदेवांसारख्यांनी तिच्यापुढे डोके वाकविले.

परंतु परंपरेच्या अभिमान्यांनी फार हुरळून जाऊ नये. भेदिकातील सवाल पुढे पुढे पुराणांच्या पाठांतराचे झाले. कोणत्या राजाला राण्या किती, याने कोणाची बुद्धी वाढली? उखाण्यात बाई नाव घेते ते नवऱ्याचे, आपले नव्हे. तिचे स्वतःचे काम हे कोडे म्हणून कोणी विचारले नाही. ‘होम मिनिस्टर’ने २००४ ते २०२२ इतकी वर्षे गावोगावच्या बायकांना त्यांच्याच घरात खुर्ची दिली, ही मोठी गोष्ट, पण त्या खुर्चीत बसून त्यांनी खेळावयाचे ते पैठणीसाठी, आणि ओळखावयाच्या त्या बहुतेक घरातल्याच आवडीनिवडी. बहुरूप्याचे म्हणाल तर त्यास ओळखल्यावर धान्य घालीत, शेजारी बसवीत नसत. तेव्हा जुने ते सोने, मग ते अमेरिकेचे असो की आमचे, या मताचे आम्ही नाही.

आमची मागणी अगदी ठोकळ आहे. हा खेळ हिंगोलीत खेळला जावा. आमच्या भाषेत, आणि खुर्चीत येथला माणूस. कोण बसेल म्हणाल तर पाहा. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीच्या शिजवणीवरचा माणूस बसवा. कंद शिजला की नाही हे तो कसे जाणतो, वाळलेले हळकुंड मोडताना कोणता आवाज आला म्हणजे ते कढईबाहेर पुरते सुकले असे समजावे, हे परीक्षकांनी ‘होय-नाही’च्या वाटेने शोधून काढावे. गोरोबांच्या थापटण्याहून ही परीक्षा फार दूर नाही. दोहींतही कानाने पाहावयाचे असते. लमाण तांड्यावरील भरतकाम करणारी बसवा. वस्तूंचा खेळ करावयाचा तर व्हीलरसाहेबांच्या रीतीने टेबलावर तिफणीचे चाडे ठेवा आणि चार प्राध्यापकांस विचारा की हे कशाचे अंग आहे, ते वाटीसारखे का आहे, त्याच्या तळाला भोके किती आणि का. दुसऱ्या दिवशी मोटेचा सोंदूर ठेवा. ही अवजारे बियाणे पेरण्याच्या यंत्रांनी आणि विजेच्या पंपांनी मागे टाकली. दहा वर्षांनी ती ओळखणारा पाहुणाही मिळणार नाही, मग परीक्षक मिळून काय उपयोग?

अशा सामान्य माणसांचे धंदे लगेच ओळखू येतील, खेळ रंगणार नाही, असा एक आक्षेप आम्हांस तोंडी ऐकावयास मिळाला. आक्षेपकांनी आधी बसून पाहावे. मराठवाड्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड्यांपैकी एक बाई खुर्चीत बसली आहे असे समजा. परीक्षक विचारील: ‘तुमचे काम एकटीने होते काय?’ ‘नाही.’ ‘मग दोघे लागतात, म्हणजे दोन कामगार?’ ‘नाही.’ येथे विद्वान अडखळणार. कारण मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दोन माणसे, चार हात, आणि उचल एका कोयत्याची. ही गणिताची रीत कोणत्याही प्रश्नमंजूषेच्या पुस्तकात छापलेली नाही, आणि चार पर्यायांत तिचे उत्तर बसत नाही. उत्तर कळेपर्यंत परीक्षकाला जे जे विचारावे लागेल, म्हणजे हंगाम किती महिन्यांचा, पैसे कोणाच्या हाती पडतात, पोर कोठे निजते, ते सारे प्रेक्षकांच्या कानी पडेल. पुण्यामुंबईच्या लेखकांना जुन्या कार्यक्रमांतली अदब हवी आहे ना? या बाईला प्रश्न विचारताना जी अदब लागेल तिचा सराव त्यांनी करावा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. खर्च कसला? हिंगोलीचा दसरा महोत्सव पिढ्यान्‌पिढ्या भरत आला आहे. त्याच्या मैदानावर आकाशपाळण्यास आणि मौतच्या कुव्यास जागा मिळते, तशी एका मंडपास मिळेल. जवळच परभणीस आकाशवाणीचे केंद्र आहे. पडदा नसला तरी चालेल, कारण हा खेळ मुळात कानांचा आहे. बीबीसीने आणि अमेरिकनांनी ‘वीस प्रश्न’ हा त्याचा अवतार रेडिओवरच प्रथम लोकप्रिय केला होता. परीक्षक म्हणून जिल्ह्यातील दोन प्राध्यापक, एक वकील, एक डॉक्टर. काळा पोशाख नको, धुतलेला सदरा पुरे. बक्षीस प्रत्येक ‘नाही’स पन्नास रुपये, दहाच्या वर नाही, म्हणजे पाचशे रुपयांवर कोणाची नियत फिरणार नाही आणि कोणास उत्तर पढविण्याची गरज भासणार नाही. सूत्रधार मात्र असा पाहावा की जो स्वतः बोलत नाही. असा मनुष्य आमच्या जिल्ह्यात शोधावा लागेल, पण सापडेल. बाकी लागतात ते एक टेबल आणि सहा खुर्च्या; फळा व खडू कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेतून मागून आणता येतो.